दवाखान्याच्या रोजच्या नोंदींतून शिकायचं कसं: प्रश्न ठरवण्यापासून पद्धत पक्की करण्यापर्यंत

कोल्हापुरात संशोधन करणारे हात कमी नाहीत. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेलं सीपीआर रुग्णालय शहरात आहे, कसबा बावड्यात खासगी वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि बारा तालुक्यांतली प्राथमिक आरोग्य केंद्रं, उपकेंद्रं रोज ढीगभर नोंदी करतात. तरीही बहुतेक ठिकाणी संशोधन एकीकडे आणि उपचार दुसरीकडे चालतात. पदव्युत्तर विद्यार्थी येतो, केसपेपर उतरवून घेतो, प्रबंध ग्रंथालयात जमा होतो. ज्या सिस्टरांनी उन्हात बसून शेकडो लोकांचं बीपी मोजलं, त्यांच्यापर्यंत त्यातलं एक वाक्यही पोहोचत नाही.

शिकणारी आरोग्यव्यवस्था उभी करायची म्हणजे हे दोन्ही प्रवाह एकत्र आणायचे. प्रश्न ओपीडीतून निघतो, उत्तर रोजच्या नोंदींतून शोधायचं, ते त्याच ओपीडीत वापरून पाहायचं आणि फरक पडला का ते पुन्हा मोजायचं. यात लोक चुकतात ते क्रमात. आधी टॅब घेतले जातात, मग साठ रकान्यांचा फॉर्म तयार होतो, सहा महिने माहिती भरली जाते, आणि शेवटी कोणीतरी विचारतं, ‘याचं करायचं काय?’ तोवर भरणाऱ्यांचा उत्साह संपलेला असतो.

म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. उदाहरण सगळीकडे एकच ठेवलं आहे: बीपीच्या गोळ्या सुरू झालेले रुग्ण पुढे दवाखान्यात येईनासे होतात. हा प्रश्न जवळपास प्रत्येक केंद्रात आहे, बीपी आकड्यात मोजता येतं, आणि दर महिन्याला गोळ्या न्यायला रुग्ण यावाच लागतो. पद्धत कळली की ती मधुमेहाला, गरोदर मातांच्या तपासणीला, क्षयाच्या उपचारालाही लावता येईल.

## सुरुवातीआधीची तयारी

माणसं पाच लागतात: वैद्यकीय अधिकारी, सिस्टर किंवा उपकेंद्राच्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी), औषधनिर्माता, एक आशाताई आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या जनऔषधवैद्यकशास्त्र (कम्युनिटी मेडिसिन) विभागातलं कोणीतरी. यांपैकी औषधनिर्मात्याला बोलवायचं हमखास राहून जातं. कोण गोळ्या न्यायला आलं नाही, कोणाला पंधरा दिवसांच्याच मिळाल्या, कुठली गोळी संपली होती, हे सगळं त्याच्या खिडकीवर दिसतं. त्याच्याशिवाय बसलात तर अर्धं कारण तुमच्यापासून लपून राहील.

महिन्यातला एक अर्धा तास आधीच ठरवून ठेवा, वार आणि वेळेसह. लसीकरणाचा दिवस आणि आठवडी बाजाराचा दिवस टाळा.

तालुका आरोग्य अधिकारी किंवा रुग्णालयाचे अधीक्षक यांना एक पानाचं पत्र द्या: काय मोजणार, कोण मोजणार, किती महिने. तोंडी ‘हो’ बदलीबरोबर निघून जातं.

इशारा: तयारीच्या यादीत नवीन सॉफ्टवेअर मुद्दामच धरलेलं नाही. पहिले तीन महिने आहे त्या रजिस्टरवर किंवा पोर्टलवर काम करा. कोणते रकाने खरोखर लागतात हे तोवर कळतं.

## टप्पा १: एकच प्रश्न, एका वाक्यात

‘बीपी रुग्णांची काळजी सुधारणे’ हा प्रश्न नाही, ती इच्छा झाली. प्रश्न असा हवा: ‘आपल्या केंद्रात नोंद असलेल्या बीपी रुग्णांपैकी ठरलेल्या तारखेला किती येतात, आणि न येणाऱ्यांना फोन केल्यास हे प्रमाण वाढतं का?’ यात कोण, काय आणि कशाने हे तिन्ही आहे.

प्रश्न चांगला आहे का, हे पाहायची एक कसोटी आहे. उत्तर ‘हो’ आलं तर सोमवारपासून काय बदलाल आणि ‘नाही’ आलं तर काय बदलाल, हे आत्ता सांगता यायला हवं. दोन्ही वेळा उत्तर ‘काहीच नाही’ असेल तर तो प्रश्न सोडून द्या.

## टप्पा २: व्याख्या आणि छेद

सगळ्यात जास्त चुका या टप्प्यावर होतात, म्हणून थोडं थांबून वाचा.

समजा केंद्रात २०० बीपी रुग्णांची नोंद आहे. गेल्या तीन महिन्यांत त्यांतले १२० आले. त्या १२० पैकी ८४ जणांचं शेवटच्या भेटीतलं बीपी १४०/९० पेक्षा कमी होतं. आढावा बैठकीत बहुतेक जण सांगतात, ‘आमच्याकडे ७० टक्के नियंत्रण आहे.’ ८४ भागिले १२०, गणित बरोबर आहे. पण न आलेले ८० जण गेले कुठे? त्यांना धरून भागलं की प्रमाण येतं ४२ टक्के. ज्यांना लकवा मारण्याचा, हृदयविकाराचा धोका सर्वांत जास्त, ते त्या ८० मध्ये असण्याची शक्यता मोठी, आणि पहिल्या आकड्यात ते दिसतच नाहीत.

म्हणून छेदात, म्हणजे ज्या संख्येने भागायचं तिच्यात, नोंद झालेले सगळे घ्या आणि प्रत्येकाला तीनपैकी एकाच गटात टाका: नियंत्रणात, नियंत्रणाबाहेर, आलेच नाहीत. वरच्या उदाहरणात ८४, ३६ आणि ८०. बेरीज २०० व्हायलाच हवी. देशात २०१७ मध्ये सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात हीच वाटणी वापरतात. आपल्या भागातले सातारा आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे त्याच्या पहिल्या फळीत होते.

आता बारकावे. ज्यांची नोंद गेल्या तीन महिन्यांत झाली ते या छेदात धरू नका, गोळीला परिणाम दाखवायला वेळ मिळालेला नसतो. मृत्यू झाला असेल तर तारखेसह वेगळी नोंद करा. कायमचं स्थलांतर असेल तर खात्री करूनच नाव काढा. चंदगड, कागल भागात रुग्ण बेळगाव किंवा निपाणीच्या डॉक्टरकडे जायला लागतो आणि आपल्याकडे ‘आला नाही’ दिसतो. त्याला ‘दुसरीकडे उपचार सुरू’ असा शेरा द्या, मात्र घरी जाऊन गोळ्यांची पाकिटं पाहिल्यावरच. हंगामाला आलेल्या ऊसतोड कामगारांचं पान वेगळं ठेवा. ते हंगाम संपला की गावी परततात, तेव्हा त्यांना इथल्या छेदात घालणं हा आकड्यांवर आणि त्यांच्यावरही अन्याय आहे. त्यांच्या हातात औषधांची चिठ्ठी आणि शेवटचं बीपी लिहिलेलं कार्ड द्या.

तपासा: व्याख्यांचं पान सिस्टर आणि विद्यार्थी या दोघांना वेगवेगळं द्या आणि त्याच वीस केसपेपरांची वाटणी करायला सांगा. दोघांचं जिथे जुळत नाही तिथे व्याख्या ढिली आहे. ती सुधारा, मग पुढे जा.

## टप्पा ३: मोजमाप भरवशाचं करा

आकडाच चुकीचा असेल तर पुढचं सगळं वाया. बीपी मोजण्याआधी रुग्ण पाच मिनिटं शांत बसलेला हवा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडी किंवा तिढा नको, दंड छातीच्या उंचीला आधारावर. आधीच्या अर्ध्या तासात चहा, तंबाखू, मिसरी नको. लघवी लागलेली असेल तर आधी जाऊन येऊ द्या. बाही गुंडाळून दंड आवळू नका, आणि दंड जाड असेल तर मोठा कफ वापरा, नाहीतर बीपी खोटंच जास्त येतं. मोजताना बोलायचं नाही, सिस्टरांनीही नाही. एखाद मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा.

गर्दीच्या ओपीडीत हे जमत नाही, असं सगळे म्हणतात. मार्ग साधा आहे: बीपीचं टेबल केसपेपरच्या खिडकीशेजारून हलवा आणि त्याआधी चार खुर्च्या ओळीने मांडा. चौथ्या खुर्चीवरून पहिलीवर सरकेपर्यंत पाच मिनिटं आपोआप होतात.

तपासा: शेवटच्या ५० नोंदींतला वरच्या बीपीचा शेवटचा अंक पाहा. डिजिटल यंत्रावर शून्य साधारण दहात एकदा यायला हवं. हाताने मोजत असाल आणि सम आकडेच लिहीत असाल तर पाचात एकदा. निम्म्याहून जास्त नोंदी १३०, १४०, १५० अशा असतील तर कोणीतरी अंदाजे गोल करून लिहितंय. रागावू नका, कारण विचारा. बहुतेकदा कामाचा ताण किंवा बिघडलेलं यंत्र यांपैकी एक निघतं.

## टप्पा ४: बदलाआधीची स्थिती

काहीही बदलण्याआधी किमान दहा-बारा आठवड्यांचे आकडे हातात हवेत. ते बहुधा जुन्या रजिस्टरातच असतात. दर आठवड्याला एकच गोष्ट मोजा: या आठवड्यात ज्यांची तारीख होती, त्यांपैकी किती जण तारखेपासून सात दिवसांच्या आत आले.

सोबत न आलेल्यांना भेटा. यादी पुढे ठेवून पंधरा-वीस जणांना आशाताईंनी घरी जाऊन विचारलं तरी पुष्कळ कळतं. ‘का आला नाहीत?’ असा जाब विचारला की लोक ‘वेळ नव्हता’ एवढंच सांगतात. ‘मागच्या वेळी दवाखान्यात गेलात तेव्हा काय काय झालं?’ असं विचारा. मग बोलणं सुरू होतं. मशीनवर बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद केली. उसाला पाणी पाजायची पाळी रात्री होती. इचलकरंजीत मागावर दोन पाळ्या चालू आहेत. गेल्या खेपेला गोळ्याच नव्हत्या. प्रत्येक कारणाला इलाज वेगळा लागतो. गोळ्या संपलेल्या असताना फोन करून रुग्णाला बोलावलंत, तर तो पुन्हा येणार नाही.

इशारा: जुलैची नोव्हेंबरशी तुलना करू नका. पावसाळ्यात शाहूवाडी, गगनबावड्याच्या वाड्यावस्त्यांचा रस्ता तुटतो, शिरोळ आणि करवीरच्या नदीकाठाला पुराची धास्ती असते, आणि पुढे गळीत हंगाम लागतो. तुलना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी करा, किंवा त्याच काळात बदल न केलेल्या शेजारच्या उपकेंद्राशी.

## टप्पा ५: एथिक्स कमिटी आणि रुग्णाची माहिती

‘आपण तर आपल्याच नोंदी पाहतोय, परवानगी कशाला?’ हा समज अर्धाच खरा आहे. स्वतःची सेवा सुधारण्यासाठी स्वतःच्या नोंदी पाहणं हे कामाचाच भाग आहे. पण त्यातून शोधनिबंध किंवा प्रबंध करायचा असेल, नेहमीच्या उपचाराबाहेरचं काही करायचं असेल, किंवा कोणाला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं असेल, तर ते संशोधन होतं, आणि ते एथिक्स कमिटीपुढे, म्हणजे संशोधनात रुग्णांचं हित जपलं जातं का हे पाहणाऱ्या समितीपुढे, न्यावं लागतं.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आढाव्याचे तीन प्रकार आहेत: सूट, जलद आढावा आणि पूर्ण समितीचा आढावा. सूट मिळेल असं तुम्हाला वाटलं तरी तो निर्णय तुमचा नाही, समितीचा आहे. म्हणून रेषा धूसर असेल तिथे दोन पानी टिपण काढून समितीच्या सचिवांना लेखी विचारा आणि उत्तर फाइलला लावा. तालुक्याच्या केंद्राकडे स्वतःची समिती नसते. महाविद्यालयातल्या सहकाऱ्याला पहिल्या दिवसापासून सोबत घ्यायचं हेही एक मोठं कारण आहे. माहिती गोळा झाल्यावर मागच्या तारखेची मंजुरी मागू नका, ती मिळत नाही आणि मिळूही नये.

दोन पद्धतींची तुलना करणारी चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधीच सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदणीत ती नोंदवा. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही.

रुग्णाच्या माहितीबाबत तीन चुका वारंवार दिसतात.

रजिस्टरच्या पानाचा फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणं ही पहिली. तो फोटो पुढे कुठे जाईल यावर कोणाचाच ताबा राहत नाही. ग्रुपवर फक्त आकडे पाठवा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, पण कायदा नसता तरी हे करायला नको होतं.

दुसरी चूक, नाव पुसलं की ओळख पुसली असं धरणं. छोट्या वाडीतली सत्त्याऐंशी वर्षांची, डायलिसिसवर असलेली बाई नावाशिवायही सगळ्यांना कळते. वाडीऐवजी तालुका आणि नेमक्या वयाऐवजी वयोगट लिहा.

तिसरी फोनची. घरात मोबाईल एकच असतो आणि तो बहुधा मुलाकडे असतो. नोंदणीच्या वेळीच विचारा, ‘मावशी, या नंबरवर कोण उचलतं? आजाराचं त्यांच्याशी बोललं तर चालेल का?’ उत्तर रजिस्टरात लिहा. बीपीच्या बाबतीत ही काळजी थोडी जास्त वाटेल. क्षय किंवा एचआयव्हीच्या बाबतीत इथे झालेली चूक एखाद्याचं घर मोडू शकते.

आभा क्रमांक (रुग्णाचा डिजिटल आरोग्य खाते क्रमांक) असेल तर जरूर लिहा, दोन दवाखान्यांतल्या नोंदी जुळवायला तो उपयोगी पडतो. पण तो ऐच्छिक आहे. नाही म्हणून कोणाला गोळ्या नाकारू नका.

## टप्पा ६: एक छोटा बदल

आता कुठे बदल करायचा, आणि एकच. फोन, कार्डाचा रंग, ओपीडीची वेळ आणि दोन महिन्यांच्या गोळ्या असं सगळं एकदम सुरू केलंत तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

एका उपकेंद्रात, दोन आठवडे, एकाच सिस्टरांसोबत सुरू करा. तारीख चुकलेल्यांची यादी दर सोमवारी औषधनिर्माता काढेल, मंगळवारी सीएचओ फोन करतील, दोनदा फोन लागला नाही तर आशाताई घरी जातील. कोण, कधी, काय हे भिंतीवर लिहून लावा. फोनवर काय बोलायचं तेही ठरवा: ‘मामा, गोळ्या संपल्या असतील म्हणून फोन केला. बुधवारी याल का?’ एवढं पुरतं. ‘आला का नाहीत?’ असा दरडावणीचा सूर लागला की माणूस दवाखाना टाळायला लागतो.

पहिल्या दोन आठवड्यांत यश मोजू नका, अडचणी मोजा. किती नंबर चुकीचे निघाले, फोनला किती वेळ गेला, बुधवारी खिडकीवर रांग किती वाढली.

बदल सगळ्या उपकेंद्रांत टप्प्याटप्प्याने न्यायचाच असेल, तर कोणतं आधी आणि कोणतं नंतर हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. उशिरा सुरू होणारी उपकेंद्रं तोपर्यंत तुलनेला मिळतात, आणि शेवटी बदल सगळ्यांपर्यंत पोहोचतो. मात्र हे मागच्या टप्प्यातल्या मंजुरीनंतरच.

इशारा: फक्त सर्वांत जास्त बीपी असलेले रुग्ण निवडून त्यांच्यावर बदल करून पाहू नका. ज्या दिवशी आकडा फार वर गेला तो दिवस थोडाफार अपवादाचाही असतो. पुढच्या वेळी तो काही न करताही खाली येतो, आणि श्रेय आपण आपल्या फोनला देतो.

## टप्पा ७: आलेख वाचणं

कागदावर आडवे आठवडे आणि उभी टक्केवारी घ्या, दर आठवड्याला एक ठिपका द्या. बदलाआधीच्या ठिपक्यांचा मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, काढून आडवी रेष मारा. हा आलेख संगणकात नको, बीपीच्या टेबलामागच्या भिंतीवर हवा.

एका आठवड्याच्या उडीवर पेढे वाटू नका. रेषेच्या एकाच बाजूला सलग सहा किंवा जास्त ठिपके आले, किंवा सलग पाच ठिपके चढत वा उतरत गेले, तर काहीतरी खरंच बदललं असं समजा. एका बाजूचे ठिपके मोजताना रेषेवरच बसलेले सोडून द्या. २०० रुग्णांच्या केंद्रात नियंत्रण ४२ वरून ४५ टक्के झालं म्हणजे सहा माणसं वाढली. तेवढा फरक योगायोगानेही पडतो.

फायद्यासोबत तोटाही मोजा. फोन करण्यात सिस्टरांचा गरोदर मातांचा वेळ जातोय का? येणारे वाढल्याने गोळ्या महिन्याच्या वीस तारखेलाच संपतात का? असं असेल तर आधी मागणीपत्रक सुधारा.

## टप्पा ८: उत्तर ज्याचं त्याला परत

सकाळी दूध संस्थेत दूध घातलं की फॅट लागल्याची पावती तिथेच हातात पडते. दवाखान्यात आकडे देणाऱ्याला मात्र वर्षानुवर्षं पावती मिळत नाही, म्हणून तो आकडे मन लावून देत नाही.

महिन्याच्या त्या अर्ध्या तासात आधी आलेख दाखवा, मग सिस्टर आणि आशाताईंना बोलू द्या, साहेबांनी शेवटी बोलावं. हा क्रम उलटा झाला की खोली गप्प होते. बैठक संपताना तीनपैकी एकच निर्णय लिहा: चालू ठेवायचं, बदलून पाहायचं, की सोडायचं. सोडणं हेही उत्तर आहे, त्याचीही नोंद ठेवा, नाहीतर दोन वर्षांनी तोच प्रयोग नव्याने होईल. उपकेंद्रांची नावं घेऊन क्रमवारी लावू नका. क्रमवारी लागली की आकडे सुधारतात आणि रुग्ण तसेच राहतात.

रुग्णांनाही सांगा. ओपीडीत मराठीत एक पान लावा: आम्ही काय पाहिलं, काय कळलं, आता काय बदललं. महाविद्यालयातल्या सहकाऱ्यानेही प्रबंध जमा करण्याआधी हे पान लावायचं, असं पहिल्या पत्रातच ठरवून घ्या.

## टप्पा ९: पद्धत पक्की करणं

बदल टिकला तर तो माणसाच्या उत्साहावर सोडू नका, कामाच्या रचनेत बसवा. सोमवारची यादी औषधनिर्मात्याच्या कामात लिहून द्या. नदीकाठच्या गावांत पावसाळ्याआधीच दोन महिन्यांच्या गोळ्या देता याव्यात म्हणून जूनची मागणी एप्रिलमध्येच वाढवून पाठवा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोळ, हातकणंगले, करवीरच्या कितीतरी गावांचा संपर्क तुटला होता. रजिस्टरची प्रत केंद्राबाहेर, उंचावर ठेवा.

आणि बदलीची तयारी आजच करा. फाइलच्या पहिल्या पानावर प्रश्न, व्याख्या, छेदात कोण धरले आणि कोण नाही, समितीचं उत्तर, आतापर्यंतचे बदल आणि प्रत्येकाचा निर्णय, पुढच्या बैठकीची तारीख, आणि पोर्टलची खाती कोणाच्या नावावर आहेत एवढं लिहा. पासवर्ड त्या पानावर नको. नवीन डॉक्टर रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात सिस्टरांनी ते पान त्यांच्यासोबत वाचावं, आणि वीस केसपेपरांची वाटणी त्यांच्याकडूनही एकदा करून घ्यावी.